‘तुला तर सगळं जमतं!’ : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची, म्हणजे मोठ्या वयात लक्षात येणाऱ्या एडीएचडीवरची (अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता यांच्याशी निगडित विकार) निघाली आणि तिन्ही ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातली. पहिल्या पत्रात मांडलेली अडचण मी माझ्या खोलीत वारंवार ऐकते, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे. ओळख पटेल असे तपशील तिन्ही पत्रांतून काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझे वय ३८ असून मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहते आणि वाशीच्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात वरिष्ठ पदावर काम करते. घरी पती, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला माझ्या संसाराला नावे ठेवायला जागा सापडणार नाही. शाळेत पहिल्या पाचात असायचे, बढत्या वेळेवर मिळाल्या, आणि कंपनीचे जीएसटीचे मासिक विवरणपत्र माझ्या हातून एकदाही २० तारखेच्या पुढे गेलेले नाही. मात्र ते दर महिन्याला १९ तारखेच्या मध्यरात्रीच पूर्ण होते, हे माझ्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही. दुसऱ्यांची विवरणपत्रे वेळेत भरणाऱ्या या बाईने स्वतःचे प्राप्तिकर विवरणपत्र मात्र सलग तीन वर्षे ३१ जुलै उलटून गेल्यावर, पाच हजार रुपये विलंबशुल्क मोजून भरले आहे. संकेतस्थळ उघडायचे, फॉर्म १६ समोर ठेवायचा, अर्ध्या तासाचे काम. तरी रोज सकाळी ‘आज नक्की’ म्हणते आणि रोज रात्री स्वतःला शिव्या घालते.

शिंप्याकडे दोन वर्षांपूर्वी शिवायला टाकलेले ब्लाउज अजून तिथेच आहेत आणि आता लाजेने त्या गल्लीतून जातही नाही. अकरा वर्षे मी ठाणे-वाशी प्रवास करते आहे, तरी महिन्यातून एकदा तरी वाशीऐवजी पनवेलच्या गाडीत बसते, आणि तुर्भ्यानंतर सानपाड्याऐवजी जुईनगर आले की जागी होते. सासूबाई रागावत नाहीत, फक्त ‘अगं, लक्ष कुठे असतं तुझं?’ एवढेच विचारतात, आणि तेच जास्त लागते. गेल्या महिन्यात मुलीच्या सहलीचे पैसे भरायचे राहिले. पैसे होते, सूचना वाचलेली होती, चार दिवस मनात घोळतही होते. मुलगी सहलीला जाऊ शकली नाही. त्या दिवशी कार्यालयाच्या प्रसाधनगृहात दार लावून रडले.

चार वर्षांपूर्वी चिंतेसाठी सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या. झोप सुधारली, बाकी सारे तसेच राहिले. आता एका मैत्रिणीने ‘हाय-फंक्शनिंग एडीएचडी’वरची, म्हणजे विकार असूनही बाहेरून सारे सुरळीत दिसणाऱ्यांवरची, एक चित्रफीत पाठवली आणि ती पाहताना कोणीतरी माझ्या घरात कॅमेरा लावून ठेवला आहे, असे वाटले. पतींना सांगितले तर ते म्हणाले, ‘एवढी मोठी नोकरी सांभाळतेस, तुला तर सगळं जमतं! आणि विसरायला आजकाल सगळ्यांनाच होतं.’ मला खरोखर काही झाले आहे, की मी मुळातच आळशी आहे आणि त्यासाठी एक चांगले नाव शोधते आहे?

उत्तर : पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये, परंतु प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी, असे म्हणण्याइतका मजकूर तुमच्या पत्रात नक्कीच आहे. त्यातला मला सर्वांत बोलका वाटलेला तपशील सहलीचा नव्हे, विवरणपत्रांचा आहे. आळशी माणूस कंपनीचे कामही लांबवतो आणि स्वतःचेही, शिवाय लांबवल्याबद्दल रात्री स्वतःला शिव्या घालत बसत नाही. तुमच्याकडे ज्या कामामागे वरिष्ठांची नजर आणि चुकल्यास लगेच होणारी नाचक्की आहे, ते काम होते. आणि तेच कौशल्य लागणारे, त्याहून कितीतरी सोपे असलेले घरचे काम अडून बसते. ३१ जुलै हीसुद्धा तारीखच आहे, असे तुम्ही म्हणाल. पण त्या तारखेला तुमच्या टेबलापाशी येऊन कोणी उभे राहत नाही.

‘हाय-फंक्शनिंग’ हा शब्द कोणत्याही निदान-पुस्तिकेत नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या पुस्तिकेत या विकाराच्या सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या दिलेल्या आहेत, त्याही लक्षणे किती आणि त्यांनी जगणे किती अडते यावरून. लोकांच्या तोंडी रुळलेला हा शब्द मला फारसा आवडत नाही, कारण तो बघणाऱ्याच्या बाजूने माप घेतो : काम झाले ना, मग ठीक आहे. समोर बसलेल्या बाईला ‘काम होते का’ हे मी विचारतच नाही, ‘ते होण्यासाठी काय खर्ची पडते’ हे विचारते. मग एकेक गोष्ट बाहेर येते. रात्रीची झोप जाते, शनिवार-रविवार जातात, एकच ई-मेल पाठवण्याआधी पाच वेळा वाचला जातो. कोठे अकराला पोहोचायचे असेल तर नऊपासून पर्स खांद्याला लावून कोचावर बसून राहावे लागते, कारण मध्येच दुसरे काही हातात घेतले तर निघणेच व्हायचे नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी ‘एक दिवस आपले पितळ उघडे पडणार’ ही धास्ती कायम असते. तुमच्याच भाषेत सांगायचे तर लोकांनी तुमच्या वहीतले फक्त जमेचे पान पाहिले आहे. नावेचे, म्हणजे खर्चाचे, पान तुम्ही आजवर कोणाला उघडून दाखवलेले नाही. म्हणूनच पतींचे वाक्य दुखावणारे असले तरी ते अप्रामाणिक नाही. त्यांना दिसते तेच ते बोलतात.

हे लहानपणी कोणाच्या लक्षात कसे आले नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात येईलच. या विकाराच्या वैद्यकीय वर्णनांचा माग काढताना जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांचा उल्लेख हमखास येतो. त्यांनी वर्णन केलेल्या मुलांमध्ये मुलगे जास्त होते, आणि पुढची कित्येक दशके डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर वर्ग डोक्यावर घेणारा मुलगाच राहिला. मुख्य अडचण अवधानाची आहे, हे ‘डीएसएम’ने नावातच मान्य केले ते १९८० साली; अतिचंचलता नसतानाही हा विकार असू शकतो, हेही तेव्हाच नोंदले गेले. एडीएचडी हे आजचे नाव १९८७ चे. तरीही लक्षणे वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत अशी अट होती. ती बारा वर्षांपर्यंत सैल झाली २०१३ मध्ये, आणि सतरा वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली तीही तेव्हाच. त्या वेळी तुमचे शिक्षण संपून तुम्ही नोकरीला लागला होतात. बालवयात मुलींच्या सुमारे दुप्पट मुलग्यांना हे निदान मिळते, प्रौढांमध्ये मात्र हे अंतर कमी होते. याचे एक कारण उघड आहे. खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी कोणाच्या तासाला अडथळा आणत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण धांदरट’ असा शेरा येतो, पालक त्याखाली सही करतात आणि विषय तिथेच संपतो. आपल्या भाषेत वेंधळी, विसरभोळी, धांदरट, उडाणटप्पू असे इतके शब्द तयार असताना आणखी एखाद्या नावाची गरज कोणाला भासणार?

नावात ‘अवधानाची कमतरता’ असली तरी खरी अडचण अवधान नेमके कोठे लावायचे, यावरचा ताबा सुटण्याची आहे. आवडीच्या विषयात हीच व्यक्ती जेवणखाण विसरून पाच तास बसते, आणि ‘मनात आणलं तर जमतं की तुला’ हा टोमणा तिथूनच जन्माला येतो. मेंदूच्या पुढच्या भागाकडे काम सुरू करणे, क्रम लावणे, मध्येच आलेली ऊर्मी आवरणे आणि हाती असलेली माहिती क्षणभर धरून ठेवणे ही कामे असतात. डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायने त्यात मदत करतात, आणि या विकारात ती व्यवस्था पुरेशी सुरळीत चालत नाही. मी रुग्णांना स्वयंपाकघराचे उदाहरण देते. तुमची बुद्धी हे फडताळ आहे, आणि ते भरलेले आहे. पण ओटा लहान आहे. त्यावर एका वेळी दोनच भांडी मावतात. तिसरे ठेवायला जावे तर पहिले खाली सरकते, आणि ते पडल्याचा आवाजसुद्धा होत नाही. सहलीची सूचना अशीच सरकली. वेळेचेही तसेच आहे. अशा मनाला दोनच काळ नीट कळतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. १९ तारखेची रात्र उजाडते तेव्हा काम ‘नंतर’मधून ‘आत्ता’मध्ये येते आणि मगच हात चालू लागतात.

मग अडतिसाव्या वर्षीच हे सगळे का कोसळू लागले? बांधकाम चालू असताना इमारतीभोवती बांबूची परांची असते, तशी प्रत्येकाच्या आयुष्याभोवती असते. शाळेची घंटा, आईने आदल्या रात्री भरून ठेवलेले दप्तर, परीक्षांचे वेळापत्रक, कार्यालयात पाठपुरावा करणारा सहकारी, यांनी तुम्हाला इतकी वर्षे तोलून धरले. संसारात नेमके उलट होते. तिथे तुम्हीच तिघांची परांची व्हायचे असते : मुलीचे लसीकरण, सासूबाईंच्या गोळ्या, गॅसचा नंबर, सोसायटीचा देखभाल खर्च, कामवाल्या मावशींची सुट्टी, मार्गशीर्षातले गुरुवार. यातल्या एकाही कामाला पगार नाही, बढती नाही आणि शेवट तर मुळीच नाही. म्हणून पुष्कळ स्त्रियांना पहिले मूल झाल्यानंतर किंवा बढतीनंतर हा त्रास प्रथमच ठळकपणे जाणवतो.

आता तपासणीविषयी. मनोविकारतज्ज्ञांकडे जा, किंवा या विकाराचा अनुभव असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडून सुरुवात करा. मात्र औषधे लिहून देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञांना आहे, हे लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी तयार केलेली अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिच्यातले पहिले सहा प्रश्न चाळणीसारखे वापरतात. चाळणीत अडकले म्हणजे निदान झाले, असे मात्र नव्हे. एडीएचडी आहे की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी नाही, आणि निदानासाठी एमआरआयची गरजही नसते. कोणी त्यासाठी महागडे पॅकेज पुढे केले तर नम्रपणे नकार द्या. खरे साधन म्हणजे सविस्तर मुलाखत. लक्षणे बालपणापासून आहेत का, घर आणि कार्यालय अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, सहा महिने टिकून आहेत का, आणि त्यांनी जगण्यात खरोखर अडसर होतो का, हे तीत पाहिले जाते. आईला बरोबर नेता आले तर न्या, जुनी प्रगतिपुस्तके मिळाली तर तीही न्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची तपासणी मी आवर्जून करून घेते, झोपेबद्दल आणि घोरण्याबद्दल विचारते, नैराश्य आणि चिंता तपासते. कारण यातले काहीही अवधान विस्कटू शकते. तुमची जुनी चिंता हा वेगळा आजार होता की वर्षानुवर्षे तारेवरची कसरत करून आलेला थकवा होता, हेही त्याच मुलाखतीत उलगडेल. चित्रफितीत स्वतःला पाहणे हे तपासणीला जाण्याचे चांगले कारण आहे. निदान म्हणून ते पुरेसे नाही, कारण त्या चित्रफितींत दिसणाऱ्या निम्म्या खोड्या कोणाच्याही घरात सापडतील.

निदान पक्के झाले तर औषधाचा विचार होईल. मिथाइलफेनिडेट हे या विकारासाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध १९४४ साली प्रथम तयार झाले, म्हणजे ते नवे फॅड नव्हे. त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसू लागतो. भूक मंदावणे, झोप लांबणे, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणे हे त्याचे ठळक दुष्परिणाम आहेत, त्यामुळे हृदयाचा किंवा रक्तदाबाचा काही पूर्वेतिहास असेल तर तो आधीच सांगा. आपल्याकडे ते अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांच्याविषयीच्या १९८५ च्या कायद्याच्या सूचीत आहे. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, प्रत्येक औषधाच्या दुकानात ठेवलेलेही नसते, आणि मैत्रिणीची एखादी गोळी घेऊन पाहण्याचा विचार तर मनातही आणू नये. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखा पर्याय आहे, पण त्याचा पुरेसा गुण दिसायला काही आठवडे लागतात. गोळीने ओटा मोठा झाल्यासारखा वाटतो. त्यावर काय मांडायचे हे शिकावेच लागते, आणि त्यासाठी वर्तनोपचाराचा उपयोग होतो.

तोवर हाताशी करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी सांगते. जे यंत्राने आपोआप होऊ शकते ते डोक्यात ठेवू नका. वीज आणि देखभाल यांची बिले बँकेतून परस्पर जाऊ द्या. गजर ‘पोहोचण्याच्या’ वेळेचा लावू नका, ‘घरातून पाऊल बाहेर टाकण्याच्या’ वेळेचा लावा. शाळेची सूचना वाचली त्याच क्षणी, चप्पल घालण्याआधी, पैसे भरून टाका. ‘संध्याकाळी भरते’ हे वाक्य तुमच्यापुरते रद्द समजा. ज्या कामाला हात लागत नाही ते एकटीने करू नका. कोणी मदत करायची गरज नसते, शेजारी कोणी आपापले काम करत बसले तरी पुरते. इंग्रजी पुस्तकांत याला हल्ली मोठे नाव दिलेले असते, पण आपल्या आज्या उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी एकीच्या गच्चीवर जमत होत्या ते दुसरे काय होते? एकेकट्या लाटायला बसल्या असत्या तर त्यातल्या निम्म्या जणींचे पीठ वाळून गेले असते. यंदाचे विवरणपत्र एखाद्या रविवारी मैत्रिणीला समोर चहा देऊन बसवून भरा. आणि शिंप्याकडे पतींना पाठवा. ब्लाउज आणायला बायकोनेच गेले पाहिजे असा नियम नाही, आणि दोन वर्षे साठलेली लाज तुमची आहे, त्यांची नाही.

राहिले पतींचे ‘सगळ्यांनाच होतं’. सगळ्यांना होते, हे खरेच आहे. सर्दी झाल्यावर सगळ्यांनाच शिंका येतात, म्हणून बारा महिने शिंकणाऱ्याला कोणी तपासणीपासून परावृत्त करत नाही. मुलाखतीच्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या. नावेचे पान तुमच्यापेक्षा तिसऱ्या माणसाने वाचून दाखवले की ते ऐकायला सोपे जाते. मुलीशीही बोला. ‘आई विसरली, कारण आईला तुझी किंमत नाही’ असा अर्थ नऊ वर्षांची मुलगी सहज काढते, आणि तो खोडून काढायला कोणत्याही निदानाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : माझ्या पत्नीला आठ महिन्यांपूर्वी एडीएचडीचे निदान झाले आणि औषध सुरू आहे. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, दोघेही नोकरी करतो. कार्यालयात तिची कामे आता सुरळीत होतात, हे तीही सांगते. घरी मात्र रात्री नऊनंतर वाद ठरलेला. काही राहिले की ‘माझा आजार आहे’ असे उत्तर मिळते, आणि मी आठवण केली तर ‘माझे वडील होऊ नकोस’ असे ऐकावे लागते. मी समजूतदार नवरा व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘रात्री नऊ’ हा तपशील डॉक्टरांना सांगितला आहे का? सकाळी घेतलेल्या मिथाइलफेनिडेटचा प्रभाव, गोळी दीर्घकाळ टिकणारी असली तरी, आठ ते बारा तासांत ओसरतो, आणि काहींना त्या वेळी नेहमीपेक्षा अधिक चिडचिड होते. म्हणजे औषधाचा उत्तम काळ कार्यालयाच्या वाट्याला जातो आणि तुम्हाला भेटते ती दिवसभराची शिल्लक. मात्रेची वेळ बदलता येते का, हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या हाती एवढे आहे की पैशांच्या आणि मुलांच्या शाळेच्या गोष्टी रात्री नऊला काढायच्या नाहीत. रविवारी सकाळी, नाश्त्यानंतर वीस मिनिटे, कागद-पेन घेऊन बसा.

निदान हे कारण समजून घेण्यासाठी असते, जबाबदारीतून सूट म्हणून नव्हे, ही तुमची तक्रार रास्त आहे आणि ती तुम्ही बोलूनही दाखवावी. मात्र वाद पेटलेला असताना नव्हे. त्याचबरोबर एक गोष्ट स्वतःला विचारा : घरातली कोणकोणती कामे तुम्ही आठवणीसकट उचलता? पुष्कळ घरांत नवरा कामे करतो, परंतु ती लक्षात ठेवण्याचे काम बायकोकडेच राहते. ‘सांग, मी आणतो’ म्हणणारा माणूस पिशवी उचलतो, यादी उचलत नाही. आणि तुमच्या पत्नीचा त्रास तर सारा यादीचाच आहे. काही खाती पूर्णपणे तुमच्याकडे घ्या, उदाहरणार्थ वाणसामान, गॅस आणि विमा. त्यांत काय संपले हेही तुम्हीच पाहायचे, तिने सांगायचे नाही. तिची खाती तिची. तिथे काही राहिले तर आतल्या खोलीतून ओरडून आठवण करू नका, फळ्यावर लिहा. फळ्याला कोणी ‘वडील’ म्हणत नाही.

प्रश्न : मी नेरूळला राहणारी शिक्षिका, वय ५०. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला यंदा एडीएचडीचे निदान झाले. डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होत्या आणि मी मनातल्या मनात स्वतःची उत्तरे देत होते. गेल्या दोन वर्षांत पाळी अनियमित झाल्यापासून तर विसरणे फारच वाढले आहे. वर्गात विद्यार्थ्यांची नावे ओठांवर येत नाहीत. या वयात तपासणी करून उपयोग काय, आणि शाळेला कळले तर?

उत्तर : मुलाच्या मुलाखतीत आईला स्वतःची ओळख पटणे ही माझ्या अनुभवातली नित्याची गोष्ट आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकाराची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के असल्याचे आढळले आहे. याचा अर्थ ७४ टक्के मुलांना तो होतो असा नव्हे. लोकांमध्ये या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा वारशातून येतो, असा आहे. म्हणून मुलाच्या निदानाचे ओझे ‘माझ्यामुळे झाले’ म्हणून डोक्यावर घेऊ नका. तुमच्या उंचीचा वारसा त्याला मिळाला तेव्हा तुम्ही माफी मागितली नव्हती.

तुमच्या बाबतीत एक फरक मात्र काटेकोरपणे करावा लागेल. विसरणे आयुष्यभर होते आणि आता वाढले, की ते मुळी दोन वर्षांपूर्वीच सुरू झाले? रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक घटते, त्याचा डोपामिनच्या व्यवस्थेशी संबंध आहे, आणि जिला हा विकार आधीपासून आहे तिचा त्रास या काळात वाढलेला दिसतो. परंतु रजोनिवृत्तीमुळे झोप मोडते आणि शब्द आठवत नाहीत, हे एडीएचडी नसलेल्या स्त्रियांनाही होते. बालपणापासून काहीच खूण नसेल, तर हे निदान तुमचे नव्हे. मग स्त्रीरोगतज्ज्ञ, थायरॉइड, मधुमेह आणि मनःस्थिती यांच्याकडे आधी पाहावे लागेल. पन्नाशीत औषध सुरू करण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदय नीट तपासून घ्यावे लागते, एवढीच जास्तीची काळजी. वय झाले म्हणून उपचार नाकारण्याचे कारण नाही. निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत, आणि घरात एक चौदा वर्षांचा मुलगा आहे, ज्याला वह्या सांभाळायला शिकवण्याची जबाबदारी तुमच्यावर येणार आहे.

शाळेबद्दल : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क मानला आहे, आणि डॉक्टर परस्पर शाळेला कळवणार नाहीत. सवलतींच्या अपेक्षेने सांगणार असाल तर हेही ठाऊक असू द्या की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे सांगायचे की नाही, हे मुख्याध्यापकांचा स्वभाव पाहूनच ठरवा. आधी कोणाशी नुसते बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मुलाच्या पुढच्या भेटीची तारीख ठरलेली असेलच. त्या दवाखान्यात प्रौढांनाही तपासत असतील तर त्याच दिवशीची, त्याला लागूनची वेळ स्वतःसाठी मागून घ्या, आणि हा मजकूर वाचून संपताच फोन करा. माहेरी ट्रंकेत प्रगतिपुस्तके असतील तर ती शोधायला भावाला सांगा. ती मिळाली नाहीत तरी चालेल, भेट पुढे ढकलू नका.